बुरुजवाला कोण?

विद्यानगर, हैदराबाद
२ जानेवारी २०२५

ती. रजनीताईस,

पत्र पाहून दचकू नकोस. माझी तब्येत ठणठणीत आहे, साखरही आटोक्यात आहे. फोन सोडून कागद का धरला ते सांगतो. फोनवर बोललो तर शेजारच्या खोलीत तन्वीला ऐकू जातं, आणि माझं व्हॉट्सअ‍ॅप तिनेच सुरू करून दिलेलं, म्हणजे त्याची किल्लीही तिच्याकडेच. मराठी पत्र मात्र सुरक्षित. पोरगी शाळेत तेलुगू आणि इंग्रजी शिकली. मराठी बोलते फर्डं, पण वाचायचं म्हटलं की दुकानाची पाटीसुद्धा अक्षर अक्षर लावत. त्यात माझं अक्षर. ऑफिसात इतकी वर्षं टायपिस्टला लागलं नाही, तिला काय लागणार!

विषय तन्वीचाच आहे. तुला माहीत आहे, रेणू गेल्यापासून सहा वर्षं मी या मुलीचा बाप आणि आई दोन्ही आहे. तिला चेन्नईला नोकरी लागली. वीस जानेवारीला रुजू व्हायचं. मी सगळ्या विद्यानगरात पेढे वाटले. आणि आता हे.

मागच्या आठवड्यात विजेचं बिल भरायला हॉलमधला कॉम्प्युटर उघडला. इंटरनेट ज्यातून उघडतं त्याला ब्राउझर म्हणतात. त्यात काहीतरी भलतंच बटण दाबलं गेलं आणि समोर एक यादी आली. कुठल्या दिवशी, किती वाजता, काय काय पाहिलं, सगळं. माझी बिलं, माझी पेन्शन, आणि मध्ये मध्ये असल्या ओळी, ज्या मी जन्मात लिहिल्या नाहीत. तू हसशील, पण सिंचन खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? मी फाइल उघडली आहे. त्यातलं थोडं उतरवून देतो.

१९ डिसेंबर, दुपारी सव्वादोन: खोटी दाढी घामाने सुटू नये म्हणून काय लावावं. २० डिसेंबर, तीन वाजता: बाईने पुरुषासारखं चालायला कसं शिकावं. त्याच दिवशी, पाच मिनिटांनी: ब्राउझरमधलं घरच्यांना दिसू नये म्हणून काय करावं. २३ डिसेंबर: नामपल्ली स्टेशनजवळ दिवसापुरती खोली. ताई, दिवसापुरती!

त्याच यादीतून एक गप्पांचं पान उघडलं. देशभरची टवाळ मंडळी तिथे भलभलती नावं घेऊन इंग्रजी-हिंदीत बडबडतात. 'सात बुरुज' नावाची कुठली कार्टूनची मालिका आहे, तिच्यातल्या राजाने तिसऱ्या भागात दरवाजा लावायला नको होता, यावर दोनशे लोक भांडतात. मग कुणाचं चिलखत कसं झालं, कुणाचा मुकुट, कुठला ब्राउझर चांगला आणि कुठला चुगलखोर. आपल्या यादीतून रोज ज्याचं पान उघडलेलं आहे, त्याचं नाव 'बुरुजवाला'. तो लिहितो, 'घरात कुणाला पत्ता नाही.' लिहितो, 'पंचवीस जानेवारीला नामपल्लीच्या हॉलवर भेटू. अशा वेशात येईन की सख्खा भाऊ समोर आला तरी ओळखणार नाही.' तन्वीला भाऊ नाही. म्हणजे हेही मुद्दाम, दिशाभूल करायला.

दाढी लावून, पुरुषाच्या वेशात, घरच्यांना चुकवून मुलगी कुठे जाते? चेन्नईची नोकरी तरी खरी आहे का? कुठेतरी पाणी मुरतंय. तू शाळा चालवलीस, हजार मुली पाहिल्यास. काय करू ते लिही.

तुझा
गिरीश


नांदेड
७ जानेवारी

चि. गिरीश,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. आमचा वरुण आणि सूनबाई मनीषा कामावर होते, ते बरं झालं. दोनदा वाचलं.

आधी एक सांग, हे तू आणखी कुणाला दाखवलंयस का? आणि त्या यादीत नुसती वेळ दिसते की गावाचं नावही दिसतं? मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून विचारते.

तू फार लांब जातोस रे. वेश करणं हा काही गुन्हा नाही. आपण स्नेहसंमेलनात मुलींना शिवाजी नाही का करत? हल्ली मोठी मुलंही मालिकांमधले कपडे शिवतात, घालतात, एका जागी जमतात, फोटो काढतात आणि घरी जातात. मनीषा सांगत होती. खोली म्हणजे कपडे बदलायला असेल. चिलखत घालून रिक्षात कसं बसणार? आणि हा बुरुजवाला तन्वीच आहे कशावरून? असेल कुणी रिकामटेकडा. वाचलं म्हणजे लिहिलं असं नाही.

माझं ऐक. मुलगी गुणाची आहे. तिला काही बोलू नकोस, यादी पुसून टाक आणि वीस तारखेला तिला गाडीत बसवून दे.

हो, सहज आठवलं. नोव्हेंबरात तू इथे आलास तेव्हा हयातीचा दाखला भरायला वरुणच्या जुन्या लॅपटॉपवर तुझं खातं उघडलं होतंस. ते जाताना बंद केलं होतंस ना?

गुडघा बरा आहे. थंडी आहे.

ताई


विद्यानगर
११ जानेवारी

ती. ताईस,

तुझं पत्र तन्वीनेच पोस्टमनकडून घेऊन माझ्या हातात दिलं. पाकीट उलटसुलट करून पाहत होती. मी तिच्याकडे पाहत होतो.

तू म्हणतेस बोलू नकोस. उशीर झाला, बोललो. तीन तारखेला फाइल तिच्यापुढे ठेवली आणि सांगितलं, मला सगळं माहीत आहे, आता नाटक पुरे. ती म्हणाली, "कायकू टेन्शन घेता बाबा, दाखवा तर." कॉम्प्युटरपुढे बसली, पाच मिनिटं इकडे तिकडे दाबलं, आणि एका जागी थांबली. तिचा चेहरा मी पाहिला, ताई. एकदम उतरला. मग तिने सगळं बंद केलं आणि उठली. मी म्हटलं, बोल. नाही बोलली. हो नाही, नाही नाही. तेव्हापासून तोंडाला कुलूप आहे. निरपराध माणूस असा गप्प बसतो? मी चौकशा केल्यात, मला माहीत आहे.

आता पुढचं ऐक. सहा तारखेच्या दुपारपासून यादीतल्या त्या सगळ्या ओळी बंद! एक नाही. फक्त माझी बिलं. म्हणजे तिला सुगावा लागला आणि तिने मार्ग बदलला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

एक गोष्ट जरा जुळत नव्हती, तीही जुळवली. ३० डिसेंबरला दुपारी तीनला ती माझ्याबरोबर गौलीगुड्यात होती, कुकरची रबरी रिंग आणायला. पण यादीत त्याच वेळी 'फोमच्या चिलखताला लोखंडाचा रंग' आहे. म्हणजे माझ्या पाठीमागे उभी राहून फोनवर करत होती. किती हिंमत!

तुझ्या लॅपटॉपचा इथे काय संबंध ते कळलं नाही. बंद केलं की नाही आठवत नाही. तो काहीतरी विचारत होता, मी प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हटलं आणि दाखला मिळाल्यावर उठलो.

गौलीगुड्यात प्रकाश म्हणून कॉम्प्युटरवाला आहे. तो म्हणतो, "साहब, कौनसी मशीन से हुआ, सब निकाल के देतूं." शनिवारी अठराला येणार आहे. तो काय काढतो ते बघून चेन्नईचं ठरवीन.

तुझा
गिरीश


नांदेड
१४ जानेवारी, संक्रांत

चि. गिरीश,

सोबत तिळगूळ पाठवते. तन्वीलाही दे.

तुझं पत्र आजच आलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले, कारण तू त्या प्रकाशला बोलावलंयस. त्याला येऊ देऊ नकोस. घरातली गोष्ट आहे. उद्या तो गौलीगुड्याच्या दुकानात बसून चार गिऱ्हाइकांना सांगेल, साहेबांच्या मुलीच्या कॉम्प्युटरमधून काय निघालं ते. मुलीची जात आहे, एकदा नाव खराब झालं की ते पुसून निघत नाही. हे तुला मी सांगायला हवं?

तुला धास्ती वाटते ना, की ती चेन्नईच्या नावाने कुठेतरी निघून जाईल? मग दुसरा सोपा मार्ग आहे. तिची मूळ प्रमाणपत्रं काही दिवस तुझ्याकडे ठेव. डिग्री, गुणपत्रिका, सगळं कपाटात ठेवून दे. त्याशिवाय तिला कुठेच रुजू होता येत नाही. पंचवीस तारीख निघून गेली की शांत डोक्याने बघू. कंपन्या आठ-दहा दिवस थांबतात, वरुणच्या वेळी थांबली होती. मुलांना कधीकधी थोडा लगाम लागतोच. शाळेत मीही लावत असे.

पण प्रकाश नको. मला तसं वचन दे.

स्पीड पोस्टने पाठवते आहे. सतरापर्यंत मिळावं.

ताई


विद्यानगर
१८ जानेवारी

ती. ताईस,

तुझं पत्र काल मिळालं. तासाभरात तू सांगितलंस तसं केलं. प्रकाशला नको म्हणून कळवलं. तन्वीची निळी फाइल तिच्या बॅगेतून काढली आणि स्टीलच्या कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. तिची बॅग भरून तयार होती. मला वाईट वाटलं नाही असं नाही.

संध्याकाळी तिला कळलं. म्हणाली, "बाबा, उद्या रात्रीची गाडी आहे माझी." मी म्हटलं, गाडी रद्द. तेव्हा रडली. रेणू गेली तेव्हा रडली होती, त्यानंतर कालच. मी सांगितलं, हे माझ्या एकट्याचं डोकं नाही, रजनीआत्याचंही हेच मत आहे. तिने एकदम डोळे पुसले. म्हणाली, "आत्याने लिहिलं? असं लिहिलं?" मी म्हटलं, हो, आजच्याच पत्रात. त्यावर खोलीत गेली. रात्री जेवली नाही, आज सकाळी चहा तेवढा घेतला. तिळगूळ ताटलीत तसाच आहे.

मला रात्रभर चैन नव्हतं. तुझं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा धीर आला. आपलं माणूस पाठीशी असलं की बरं असतं.

पंचवीसला मी स्वतः नामपल्लीच्या त्या हॉलवर जाणार आहे. तन्वीला घरात ठेवून जाईन. तरी बुरुजवाला आलाच, तर तो तिचा साथीदार. नाही आला, तर ती स्वतःच. दोन्हीकडून सोक्षमोक्ष.

तुझा
गिरीश


नांदेड
२१ जानेवारी

गिरीश,

हे पत्र वाचायला बसण्याआधी कपाट उघड आणि तन्वीचे कागद तिला दे. मग वाच.

बुरुजवाला मी आहे.

तू नोव्हेंबरात इथे येऊन वरुणच्या जुन्या लॅपटॉपवर तुझं खातं उघडलंस आणि बंद न करता गेलास. तो लॅपटॉप मीच वापरते. मी इथे जे उघडत होते ते तुझ्या खात्यात जमा होत होतं आणि तुझ्या हॉलमध्ये दिसत होतं. तुझं पहिलं पत्र सहा तारखेला दुपारी आलं. दाढीची ओळ वाचली आणि सगळं कळलं. त्याच मिनिटाला मी तुझं खातं बंद केलं. म्हणून सहापासून तुझी यादी कोरी आहे. तन्वीने काही केलेलं नाही. तिने 'सात बुरुज' पाहिलंय की नाही हेही मला ठाऊक नाही.

मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दुपारी घरात मी एकटी. ती मालिका सहज लागली. तिच्यात एक म्हातारा आंधळा राजा आहे. वाड्यात सगळे त्याच्या पाया पडतात आणि त्याला काहीही विचारत नाहीत. मला तो राजा आवडला. त्याच्यावर लोक इंटरनेटवर वाटेल ते लिहीत होते, म्हणून मीही लिहिलं. माझं म्हणणं पटलं लोकांना. कुणी वय विचारलं नाही, बाई की पुरुष विचारलं नाही. आम्ही तिथे काय बोलतो? राजाने दरवाजा का लावला, फोम कुठे स्वस्त मिळतो, कुठला ब्राउझर चालताना अडकतो. फालतू बोलतो. गिरीश, मला फालतू बोलायला आयुष्यात कुणी मिळालंच नव्हतं. चाळीस वर्षं मी स्नेहसंमेलनाला मुलांच्या तोंडाला डिंकाने दाढ्या चिकटवल्या. एकदाही माझ्या तोंडाला लावून पाहिली नाही. मुख्याध्यापिका होते ना!

वरुण-मनीषाला कळलं तर काय म्हणतील, तू काय म्हणशील, माझ्या जुन्या विद्यार्थिनींना कळलं तर? या भीतीने पहिल्या पत्रात गप्प बसले. वाटलं, आपोआप मिटेल. मग तू प्रकाशचं लिहिलंस. तो एका मिनिटात नांदेडचं नाव काढणार होता. त्याला थांबवायचं म्हणून मी तुला तन्वीचे कागद काढून घ्यायला सांगितलं. तिच्या भल्यासाठी नाही, माझी दाढी झाकण्यासाठी. हे लिहिताना चारदा कागद फाडला, खोटं मात्र एका दमात लिहिलं होतं, हेही लिहून ठेवते.

तीनदा फोन हातात घेतला. तुझा आवाज ऐकायचं धैर्य झालं नाही. आज मुलीच्या रुजू व्हायच्या तारखेला एक दिवस उलटून गेला. कंपनीला फोन कर, वाटेल ते कारण सांग, माझ्या आजारपणाचं सांग.

तुझा विश्वास बसणार नाही, तू कशावरच ठेवत नाहीस. म्हणून पंचवीसला मी हॉलवर येईन. समोर येऊन बघ.

रजनी


विद्यानगर
२७ जानेवारी

ताई,

तुझं पत्र चोवीसला दुपारी मिळालं. मी कपाट उघडलं नाही. आधी वाचलं, आणि वाचून हसलो. रजनीताई आणि दाढी! म्हटलं, भाचीवर माया, तिला वाचवायला हिने हा बनाव रचलाय. तन्वीने तुला फोन करून पढवलं असणार, असंही वाटलं. तू खरं सांगितलंस आणि मी त्याचाही पुरावा मागितला.

पंचवीसला फाइल काखेत मारून नामपल्लीला गेलो. नुमाइश म्हणतात त्या वार्षिक प्रदर्शनाची गर्दी, त्यात तो हॉल शोधायला अर्धा तास. दारावर निळ्या केसांची एक मुलगी येणाऱ्यांच्या मनगटाला प्रवेशाची पट्टी बांधत होती. माझ्या स्वेटरकडे, कानटोपीकडे आणि फाइलीकडे पाहून म्हणाली, "चाचा, सुपर! एकदम गव्हर्नमेंट ऑफिस का लुक मारे आप. कौनसी सीरीज का है?" मी फाइल सांभाळत पुढे सरकलो. आत शेकडो मुलं. पंख लावलेली, शिंगं लावलेली, एक जण तर चालता दरवाजाच झाला होता. आणि कुणी कुणाला काही वाईट करत नव्हतं. एकमेकांच्या झग्यांचे काठ धरून जिना उतरायला मदत करत होती.

राजापुढे रांग होती. पोटापर्यंत पांढरी दाढी, डोळ्यांवर पातळ पट्टी, हातात काठी. मुलं पाया पडत होती, फोटो काढत होती. मी पुढे घुसायला लागलो तर एकाने अडवलं, "चाचा, लाइन में आओ ना." वीस मिनिटं रांगेत उभा राहिलो. राजा उजवा पाय जरा ओढत होता. तुझा गुडघा.

माझी पाळी आली. मी म्हटलं, ताई? तू पट्टी वर केलीस. मला वाटलं, लाजशील, रडशील, निदान काही सांगशील. तू विचारलंस, "कागद दिलेस का?"

मी म्हटलं, नाही.

"मग इथे काय करतोस? घरी जा."

मी घरी आलो आणि कपाट उघडलं.

काल रविवारी मी तन्वीला सगळी पत्रं वाचून दाखवली, माझीही, त्यांच्या नकला फाइलीत होत्या. एक ओळ गाळली नाही. तुझं चौदा तारखेचं वाचताना मध्ये थांबलो, तर म्हणाली, "पूर्ण वाचा बाबा." मग कळलं की तिला तीन तारखेलाच सगळं माहीत झालं होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? मी तुला विचारलं तेव्हा? ती म्हणाली, "तुम्ही विचारलंच कुठे? तुम्ही तर सांगत होता."

तुझ्यावर मी रागावलो आहे, आणि तो राग मला पूर्ण परवडत नाही, कारण कुलूप मी लावलं. तू लांबून किल्ली फिरव म्हणालीस, पण फिरवणारा हात माझा होता.

कंपनीने नाही म्हटलं. पुढची तुकडी जुलैत घेतील, तेव्हा बघू म्हणतात.

गिरीश


विद्यानगर
२ फेब्रुवारी

रजनीआत्या,

हे मी बोलते आणि फोन मराठीत टाइप करतो. चुका दिसल्या तर फोनच्या, रागावू नको. तुझी सगळी पत्रं बाबांना होती, म्हणून एक माझंही.

त्या दिवशी बाबांनी फाइल समोर टाकली ना, मी कॉम्प्युटरमध्ये बघितलं. खातं कुठे कुठे उघडं आहे त्याची एक लिस्ट असते. त्यात आपलं घर होतं आणि खाली वरुणदादाचा लॅपटॉप, नांदेड. एका सेकंदात समजलं मला. मग बुरुजवाल्याचं लिहिलेलं परत वाचलं आणि मला इतकं भारी वाटलं! आपली आत्या? रोज लोकांशी भांडते आणि जिंकते? हौ, पण बाबा शेजारी उभे होते, म्हणून मी हसू दाबून चेहरा सरळ ठेवला. ते त्यांना चोरासारखं दिसलं.

बोलले असते तर बाबा त्याच मिनिटाला तुला फोन लावणार, तुझ्या घरात स्पीकरवर सगळ्यांसमोर. म्हणून नाही बोलले. मला वाटलं, हे तुझं आहे, तू सांगशील. बाबा तुला लिहितात हे मला माहीत होतं. पोस्ट करायला स्वतः चालत जातात, ते कधी भाजी आणायला पण जात नाहीत. म्हणजे तुला कळणार. तुला कळलं की तू लिहिणार, गिरीश, ती मी आहे. बस, एका ओळीचं काम.

मग मी पोस्टमनची वाट बघायला लागले. रोज चारला गेटवर. तुझं पाकीट आलं की मी म्हणायची, आज आलं. बाबांच्या हातात द्यायची आणि त्यांचा चेहरा बघत उभी राहायची. फोनचा कॅमेरा धरला असता तर त्याने मला पूर्ण पत्र वाचून दाखवलं असतं, तुमचं अक्षर कसं का असेना. तुम्हा दोघांना हे माहीतच नाही, की मराठी आता काही लपवत नाही. पण मी उघडलं नाही. दुसऱ्याचं पत्र होतं.

सतरा तारखेचं पण मीच आणून दिलं, आत्या. तिळगुळाचा वास येत होता. मी बाबांना म्हटलं, आत्याचं आलं, लवकर उघडा. मला वाटलं, परवा मी चेन्नईला.

बाबांना मी परेशान केलेलं नाही. ते शंका घेतात, त्यांचा स्वभाव तसाच, मला लहानपणापासून माहीत आहे. कालपण दोनदा विचारलं, कागद जागेवर आहेत ना. कागद आता माझ्याजवळ असतात. माझी मैत्रीण अश्विनी, तिच्या ऑफिसात सहा महिन्यांचं काम मिळालंय, पगार अर्धा. जुलैपर्यंत ते करणार. बाबा रोज बसस्टॉपपर्यंत येतात. नक्को म्हटलं तरी येतात.

तुझे फोटो मी बघितले, लोकांनी टाकलेत. चिलखत काय मस्त शिवलंस! खाली एकाने लिहिलंय, इतका खरा राजा पहिल्यांदा बघितला. मला ते वाचून रडायला आलं, कारण ती माझी आत्या आहे आणि मी ते कोणाला सांगू शकत नव्हते. तुला वाटलं आम्हाला तुझ्या दाढीची लाज वाटेल. नाही वाटली. चौदा तारखेच्या पत्राची वाटली.

वरुणदादाला तू सांग. मी सांगणार नाही, पण तू सांग.

पुढच्या वर्षी राजा परत येणार असेल तर मला कळव. मी तिकीट काढून येईन, रांगेत उभी राहीन, फोटो पण काढीन. आत्याकडे यायला मला अजून वेळ लागेल.

तन्वी